नोलाच्या बोटांचे ठसे

“गावभरच्या लोकांची नावं दगडात कोरली मी, आणि माझ्याच बोटांवर काही शिल्लक नाही म्हणे,” नोला टेरेल एकदा म्हणाली होती. ठसे घेणाऱ्या सरकारी कचेरीतून परत येताना, गाडीत. ड्वेनला हसू आलं. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते जागच्या जागी विरलं.

इंडियानातल्या त्यांच्या गावाच्या पोटात चुनखडीचा दगड आहे. नोला सव्वीस वर्षं त्यावर काम करत होती. थडग्यांवरची नावं, चर्चच्या पायऱ्या, दारांच्या चौकटी. छिन्नी चालवताना ती हातमोजे घालायची, पण दगड तपासायचा तो उघड्या बोटांनीच. डोळे फसतात, असं तिचं म्हणणं. त्या धंद्यात सगळ्यांचीच बोटं अशी घासून सपाट झालेली. कुणाचं ठशांवाचून काही अडलं नव्हतं.

नोलाचं अडलं. बल्गेरियातल्या एका अनाथाश्रमात, दत्तक घ्यायची ठरलेली दोन भावंडं तिची वाट पाहत होती: नऊ वर्षांची दोन्का आणि सहा वर्षांचा स्तॉयन. वसंतात ती आणि ड्वेन तिथे पाच दिवस राहून आले होते. आधी भेट, मग कागदपत्रं, मग कोर्ट, आणि सगळ्यात शेवटी पुन्हा जाऊन मुलं घरी आणायची, असा तिथला क्रम. तोवर भिंतीवर दोन फोटो आणि फ्रिजच्या दारावर तारखांचा कागद. त्यातली ऑक्टोबरअखेरची तारीख ड्वेनने लाल पेनाने गोल केली होती. तोवर नवे ठसे गेले नाहीत तर दत्तक घेण्याच्या सरकारी परवानगीची मुदत संपणार होती. मग सगळं पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक वर्ष, कदाचित दीड. आणि दोन्काला त्यांनी सांगून ठेवलं होतं, नाताळच्या आत येतो.

पहिल्या खेपेला ठसे कसेबसे उमटले होते. ऑगस्टमध्ये यंत्राने साफ नकार दिला. दोन महिने हाताला विश्रांती द्या, मलम लावा, रेषा परत येतात, असं कचेरीतल्या बाईने समजावलं. नोलाने दुसऱ्याच दिवशी छिन्न्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

सप्टेंबरातल्या एका दुपारी शाळेची बस जागेवर लावून ड्वेन घरी आला, तर मुलांच्या खोलीतून खसखस आवाज येत होता. चर्चच्या तळघरातून आणलेला जुना दुमजली पलंग नोला पॉलिशपेपरने घासत होती. हातमोजे खिडकीत पडलेले. तिचं ध्यानच नव्हतं.

“नोला, हात दाखव.”

तिने तळवे उलटून पाहिले. बोटांची टोकं पुन्हा कोरी झाली होती. तीन आठवडे मातीत गेले.

तिने पॉलिशपेपर खाली ठेवला. मग सांगू लागली. भेटीच्या तिसऱ्या दिवशी दोन्काच्या तळहातात तिला कुसळ दिसलं होतं, आश्रमातल्या पलंगाच्या फळीचं. खिडकीच्या उजेडात तिने ते सुईने काढलं. पोर रडली नाही. तिने मुकाट्याने दुसरा हात पुढे केला. त्यातही एक होतं.

“हातमोज्यातून कुसळ कळत नाही,” नोला म्हणाली.

उरले पाच आठवडे. ड्वेनची आई मर्ना दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊनच आली. भांडी, कपडे, अंगण सगळं तिने ताब्यात घेतलं आणि सुनेला खुर्चीत बसवलं. “नुसतं बसणं काही अवघड नसतं. माझा मुलगा इतकी वर्षं करतोच आहे.”

आजवर नोलाने कुणाला आपली बादलीही उचलू दिली नव्हती. तीच आता मलम लावलेल्या बोटांवर सुती हातमोजे चढवून बसू लागली. मर्ना तिच्या शर्टाची बटणं लावायची, केस धुवायची, मांस कापून ताट पुढे ठेवायची. ज्याने तिला छिन्नी धरायला शिकवलं तो म्हातारा हार्लन याच दिवसांत गेला. त्याच्या थडग्याचा दगड आपणच कोरायचा असं तिने फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. ती दगडाच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली, खिशात हात घालून उभी राहिली, आणि काम दुसऱ्याला सांगून परत आली. तिला मणामणाचे दगड हलवताना ड्वेनने पाहिलं होतं. पण एवढं जड काही उचलताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी चर्चला जाण्याआधी मर्ना तिची वेणी घालायची.

“ओढू नका, मर्ना.”

“ओढत नाहीये. हाताला सवय करतेय. नात यायचीय ना.”

नोलाने मान खाली घातली. आरशातून ड्वेनला दिसलं, आईचे हातही क्षणभर थांबले होते.

सत्तावीस ऑक्टोबरला दोघं पुन्हा त्या कचेरीत गेले. नोलाने हातमोजे काढून काउंटरवर ठेवले. बाईने एकेक बोट काचेवर टेकवलं. डाव्या हाताची पाचही घेतली यंत्राने. उजव्या हाताची चार. अंगठा नाही. पुन्हा, तरी नाही. ड्वेन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

“सावकाश ठेवा,” बाई म्हणाली. “दाबू नका. टेकवा नुसता.”

नोलाने डोळे मिटले. ताज्या दगडावर पहिल्यांदा हात ठेवावा तसा तिने अंगठा काचेवर टेकवला. पडद्यावर हिरवी चौकट उमटली.

“झालं. सगळे आले.”

ड्वेनने नक्की ना, नक्की ना, असं दोनदा विचारलं. बाईने मान डोलावली आणि नोलाकडे पाहून म्हणाली, “तुमचे हातमोजे राहिले.”

नोलाने ते उचलले नाहीत. दाराची चौकट चुनखडीची होती, कडेला जराशी खरबरीत. तिच्यावरून तिने उघडी बोटं वरपासून खालपर्यंत एकदा फिरवली, आणि बाहेर पडली.