वाचून दाखवा

फोनवर बातमी सांगून झाली की बप्पा एकच वाक्य म्हणत, "आता वाचून दाखवा."

मी धाराशिवला जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होतो आणि बप्पा परंड्याकडचे आमचे वार्ताहर. बाकीचे वार्ताहर मोबाईलवर टाइप करून बातम्या पाठवू लागले तरी बप्पा फोनच करत. मी लिहून घ्यायचं आणि मग पहिल्या शब्दापासून त्यांना ऐकवायचं. मध्येच ते अडवत. "'सुमारे' म्हणलं व्हतं म्या. सुमारे कुठं गेलं?" मी चडफडत 'सुमारे' परत घालायचो.

तुमच्याही तालुक्याला असा एखादा वार्ताहर असेलच. सकाळी एसटीतून पेपरचे गठ्ठे उतरवून मोटारसायकलवर वाटणारा, दुपारी बातमीच्या मागं आणि दिवाळीत जाहिरातींच्या मागं हिंडणारा. बप्पांचं वेगळं एवढंच, की ज्यांनी तक्रार सांगितली त्यांना ते बातमी वाचून दाखवत आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही. समोर उभं राहून. एकदा एक ग्रामसेवक हात जोडून म्हणाला, बप्पा, हे छापू नका. बप्पा म्हणाले, "छापू का न्हाय ते इचारायला आलोच न्हाय. चुकलंय काय, तेवढं सांगा." ग्रामसेवकानं जरा विचार केला आणि एक तारीख दुरुस्त करून दिली.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. एका गावाच्या नावानं सरकारी टँकर भरायचा आणि कंत्राटदाराच्या स्वतःच्या द्राक्षबागेत रिकामा व्हायचा. बप्पांनी ती बातमी गावच्या पारावर बायकांना दोनदा ऐकवली. मग कंत्राटदाराच्या बंगल्यावर गेले. कंत्राटदारानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "छापा की बप्पा. तुमचा पेपर वाचतंय कोण?" बप्पांनी तेही बातमीच्या शेवटी घातलं. कंत्राटदाराची बाजू म्हणून.

संध्याकाळी त्यांनी फोन केला, मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. त्यांचं शीर्षक होतं, 'टँकर गावात पोचत नसल्याची तक्रार'. फोन ठेवल्यावर मला ते मिळमिळीत वाटलं. मी ते खोडून जाड अक्षरात 'पाणीचोर!' असं ठोकून दिलं. बप्पांना काही विचारलं नाही. इतक्या लांब पंख्याखाली बसून शूर व्हायला काय लागतं.

कंत्राटदारानं अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला, तो त्या एका शब्दावर. आरोपी तिघं: मालक, संपादक आणि बप्पा. कंत्राटदाराच्या वाढदिवसाला आमच्या पेपरात पानभर जाहिराती असायच्या, त्यामुळे मालकांनी चार दिवसांत तडजोड केली. पहिल्या पानावर दिलगिरी छापायची, मग पेपरवाले खटल्यातून मोकळे. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, शीर्षक कुणाचं? मी म्हणालो, वार्ताहराकडूनच तसं आलं.

हे वाक्य मी आजवर घरीही सांगितलेलं नाही. इथं लिहितो आहे.

दिलगिरीचा मजकूरही मीच लिहिला. वार्ताहराच्या निराधार माहितीमुळे वगैरे. बप्पांची पेपरची एजन्सी काढून घेतली, बातम्या बंद झाल्या, खटल्यात ते एकटे उरले. ज्या दिवशी दिलगिरी छापून आली त्या सकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी मीच लिहिलेला तो मजकूर मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला आणि विचारलं, "बराबर वाचलं नव्हं?"

मी म्हणालो, "व्हय."

फोन ठेवला त्यांनी.

मग सुरू झाल्या तारखा, वर्षानुवर्षं. कधी कंत्राटदार आजारी, कधी त्याचा वकील परगावी. बप्पा फडक्यात भाकरी बांधून एसटीनं तालुक्याच्या कोर्टात जायचे, दिवसभर व्हरांड्यात बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत. शिक्षा झाली असती तर तुरुंग, आणि त्याहून वाईट म्हणजे तालुक्यात पुन्हा कुणी लेखणी उचलायला धजावलं नसतं. कंत्राटदार निरोप पाठवायचा, दोन ओळी माफी लिहून द्या, उद्याच केस मागं घेतो. बप्पांचं उत्तर ठरलेलं. "बातमी खरी हाय. माफी खोटी लिवावी लागंल."

त्यांचा खटला एक तरुण वकीलबाई फी न घेता चालवत होत्या. शीर्षक कुणी दिलं ते कोर्टाला सांगा, म्हणून त्या बप्पांच्या मागं लागल्या होत्या. बप्पा म्हणत, बातमीवर नाव माझं हाय. हे मला वकीलबाईंनी नंतर सांगितलं.

कंत्राटदाराची उलटतपासणी ऐकायला मी नव्हतो, पण ती चहाच्या टपऱ्यांवर इतक्या वेळा रंगली की मला पाठ आहे. वकीलबाईंनी विचारलं, "तुमचा पेपर वाचतंय कोण, असं तुम्ही म्हणाला होता?" छापूनच आलेलं होतं. त्यानं हो म्हटलं. "मग कुणी वाचतच नसेल तर तुमची अब्रू गेली कुणापुढं?"

बप्पांच्या बाजूच्या साक्षी होत्या त्या दिवशी मात्र मी गेलो. ऑफिसात ताप आल्याचं सांगून शेवटच्या बाकावर बसलो. त्या गावच्या सरूबाई पिंजऱ्यात उभ्या होत्या, सत्तरीच्या, नऊवारीत. कंत्राटदाराच्या वकिलानं विचारलं, आजी, लिहिता-वाचता येतं का?

"न्हाय."

"मग बातमीत काय होतं ते तुम्हाला काय माहीत?"

"आमाला वाचून दाखवली की बप्पानं. दोनदा." आणि म्हातारीनं ओव्या म्हणाव्यात तशी अख्खी बातमी म्हणून दाखवली. वर सांगितलं, "एका जागी चुकलं व्हतं त्याचं. त्यानं लिवलं, टँकर कवातरी येतो. म्या म्हणलं, कवातरी बी येत न्हाय. मग खोडलं त्यानं."

वकीलबाईंनी विचारलं, "त्यात चोर असा शब्द होता?"

"न्हाय. चोर आमी आपसात म्हणतो. बातमीत न्हवतं."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी खाली बघून पेन शोधलं. कंत्राटदाराचा वकील तावातावानं उठला. मग हा शब्द आभाळातून पडला का? कुणी घातला?

बप्पा समोर बघत उभे होते. आत येताना त्यांनी मला पाहिलं होतं, आमची नजरानजर झाली होती. पण त्या प्रश्नावर त्यांनी मान वळवली नाही. ती न वळलेली मान मला सोसली नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी घातला."

न्यायाधीशांनी मला दरडावून खाली बसवलं. असं बाकावरून बोलता येत नाही. वकीलबाईंनी अर्ज केला आणि पुढच्या तारखेला मला साक्षीदार म्हणून बोलावलं. तोवर माझी नोकरी गेली होती. सांगतो, पिंजऱ्यात चढताना खूप वर्षांनी अंग हलकं वाटत होतं. शीर्षक माझं, दिलगिरी माझी, संपादकांना दिलेलं उत्तरही माझं, सगळं सांगून टाकलं. जबानी टाइप झाली. मी सही करायला पुढं वाकलो तेवढ्यात आरोपीच्या जागेवरून आवाज आला, "साहेब, आधी समदं वाचून दाखवा त्यांना. लई घाई असती त्यांची."

बप्पा निर्दोष सुटले. बातमी खरी, लोकांच्या हिताची, आणि छापण्याआधी खुद्द कंत्राटदाराला ऐकवलेली, असं निकालात आलं. सरूबाईंच्या गावचा टेम्पो भरून आला होता. कुणीतरी तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ पिशवीत घालून आणलीच होती. बप्पा त्याच्यावर ओरडले, "कोर्टाच्या आवारात न्हाय." मग सगळा लोंढा रस्त्यापलीकडं गेला आणि तिथं ती माळ लावली. कंत्राटदाराची गाडी धूर विरेपर्यंत फाटकातच थांबून राहिली.

बप्पा जाऊन आता वर्ष होत आलं. नोकरी गेल्यावर मी एका छोट्या साप्ताहिकात लागलो, आजही तिथंच आहे. फोन वाजला की अजून हात आधी पेनाकडं जातो.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी असाच वाजला होता. "लिहून घ्या," बप्पा म्हणाले, आणि स्वतःच्या सुटकेची बातमी त्यांनी 'एका वार्ताहराची' म्हणून सांगितली. शेवटी कंत्राटदाराची बाजूही होती. कोर्टातून घरी जाण्याआधी ते त्याच्या बंगल्यावर जाऊन त्याला बातमी ऐकवून आले होते.

मी विचारलं, "चहा दिला का?"

"दिला. साखर कमी व्हती."

मी सगळं वाचून दाखवलं. एक 'सुमारे' राहिलं होतं, ते घातलं. मग विचारलं, "शीर्षक काय देऊ, बप्पा?"

पलीकडं कुणाच्या तरी म्हशी घराकडं वळत होत्या, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"ते तुमी द्या," बप्पा म्हणाले.

मी लिहिलं. 'टँकरची बातमी खरी, वार्ताहर निर्दोष'. आणि त्यांनी म्हणायच्या आत वाचून दाखवलं.

"छापा," ते म्हणाले.