सैल दोर

रोहिणखेडला सहदेवला फारसं कोणी नावानं हाक मारत नसे. तो लाईनमन होता आणि निवृत्त झाल्यावरही गावानं त्याला लाईनमनच ठेवलं. उभी नोकरी खांबांवर चढण्यात आणि तारा ओढून ताणण्यात गेलेली. त्यामुळे हात दणकट होते, आवाज मोठा होता, धीर मात्र तोकडा. चहा यायला उशीर झाला तरी तो उठून चुलीपाशी जाऊन उभा राही.

बादलला घरी आणलं ते त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं. शेताकडच्या वाटेवर उन्हानं निपचित पडलेलं राखी रंगाचं पिल्लू तिनं पदरात घालून आणलं. वर्षभरात त्याचा उंच, लांब पायांचा कुत्रा झाला. गावात कुत्र्याला कोण बांधून ठेवतं? बादलही गल्लीत मोकळाच फिरायचा.

एका दुपारी नसीमाभाभी आपल्या बकऱ्या घेऊन सहदेवच्या दारावरून चालल्या होत्या. चरायला जायची त्यांची रोजची वाट तीच. त्या दिवशी एक पाठ, नुकती वयात आलेली बकरी, बुजून पळाली आणि पळणारं काही दिसताच बादल तिच्या मागे सुटला. बकऱ्या चौफेर उधळल्या. त्यांतली एक गाभण बकरी नाल्यात पडली. ती वाचली, पण संध्याकाळी तिनं गाभ टाकला.

पारावर लगेच बोलणं सुरू झालं. सहदेवचा मेहुणा राजकुमार पिकअप चालवायचा. तो घरी येऊन म्हणाला, "भाऊजी, उद्या मी बुलढाण्याले चाललो. घाटात सोडून देतो त्याले. झगडाच मिटला."

कौशल्याबाईनं दारातून ते ऐकलं. तिनं बादलच्या पुढ्यात भाकर कुस्करून टाकली आणि आत निघून गेली. सहदेवला तिचं ते निघून जाणं आवडलं नाही. तो उठला आणि नसीमाभाभींच्या घरी गेला. त्यांचा नवरा सईद वेल्डिंगच्या कामावर गेला होता. भाभी बकरीजवळ बसून तिला शेक देत होत्या.

"भाभी, नुकसान झालं ते भरून देतो," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "कुत्रं उद्या घाटात सोडून राह्यलो."

"तिकडं काय कोणाच्या बकऱ्या नाईत का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "माह्या दारचा त्रास तुमी दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकता. अन् भरपाईचं म्हनाल तं तिच्या पोटातलं तं गेलंच. माह्या बकऱ्या आता तुमच्या गल्लीत पाय ठेवत नाईत, सहदेवभाऊ. मले सगळा वळसा घालून जा लागते. त्याचं पाहा काई तरी."

"म्हंजे काय करू?"

"दोर बांधून नेत जा त्याले. मानसासारखा चालला पाह्यजे. बकऱ्यांच्या डोळ्यादेखत चालला पाह्यजे. त्यांचं भेव गेलं का माझं काई म्हननं नाई."

सहदेवला हे सोपं वाटलं. त्यानं गळपट्टा आणला, साखळी आणली आणि सकाळी बादलला बाहेर काढलं. बादलनं सारी गल्ली त्याला फरफटत नेली. सहदेवनं ओढलं की बादल दुप्पट ओढायचा. गळा आवळून खोकायचा, तरी ओढायचा. आठवडाभरात सहदेवचा खांदा धरला. बाजारात तर कोणीतरी विचारलंच, "लाईनमन, कोन कोनाले फिरवून राह्यलं?" त्या रागात त्यानं घरी येऊन बादलला चपलेनं हाणलं. मग दोन दिवस साखळी वाजली की कुत्रा बाजेखाली जाऊन बसायचा आणि कौशल्याबाई नवऱ्याला जेवायला वाढून लगेच बाजूला व्हायची.

शेवटी तो मोताळ्याला जनावरांच्या दवाखान्यात गेला. सोबत बादलला नेलं नव्हतं. डॉक्टरबाई एका म्हशीला सलाईन लावत होत्या. त्यांनी हात न थांबवता त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"तो ओढतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"मीबी ओढतो."

"आणि मग?"

"मंग काय, जातो त्याच्या मागं. कुठवर झोंबू?"

"मग तो बरोबरच शिकलाय. ओढलं की पुढं जायला मिळतं, हे तुम्हीच त्याला शिकवलं." त्या हसल्या. "आता उलटं शिकवा. दोर ताणला की तुम्ही जागीच थांबा. सैल पडला की चाला. तुमच्या गुडघ्याजवळ आला की घास द्या. साखळी काढून टाका, सुती दोर घ्या. आणि मारू नका. तुमच्याजवळ येण्याचीच भीती वाटली तर तो जवळ चालणार कसा?"

सहदेवनं कधी तार सैल सोडली नव्हती. सैल तारा वाऱ्यानं एकमेकींना लागतात आणि गाव अंधारात जातं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आता हाताला उलटी सवय लावायची होती. पहिले काही दिवस तो अंगणाच्या बाहेरच पडू शकला नाही. बादल ओढायचा, सहदेव थांबायचा. बादल थोडा वेळ दोराशी झगडायचा, मग हे माणूस हलत का नाही म्हणून मागे वळून पाहायचा. वळला की दोर सैल. लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि दोन पावलं पुढे.

गल्लीत आल्यावर वेगळाच तमाशा झाला. भर रस्त्यात लाईनमन खांबासारखा उभा आहे, हे पाहून म्हातारे पुंजाजी काठी टेकत धावत आले.

"चक्कर आली का बे?"

"नाई काका. कुत्र्याची वाट पाहून राह्यलो."

"कुत्रं तं तुह्याजवळच हाय!"

सहदेवला हसू आलं. एरवी अशा बोलण्यावर तो भडकला असता.

गल्लीत चालणं जमलं, पण खरी परीक्षा बकऱ्यांची होती. नसीमाभाभींनी एक म्हातारी, धीट बकरी मशिदीच्या पलीकडच्या पडीक जागेत खुंटीला बांधली आणि स्वतः तिच्याजवळ बसल्या. सहदेव बादलला घेऊन लांब उभा राहिला. इतका लांब, की बादलला बकरी दिसावी पण त्यानं घासही खावा. घास नाकारला की फार जवळ आलो, असं समजून तो मागे सरायचा. रोज थोडं अंतर कमी व्हायचं. एखाद्या दिवशी पुन्हा वाढायचं.

एकदा खुंटी उपटली गेली. बकरी पळाली आणि बादलनं झेप घेतली. दोर सहदेवच्या तळहातातून घासत गेला, चामडी निघाली, पण त्यानं मूठ सोडली नाही. बादल उभ्या उभ्या थरथरत होता. सहदेवचा हात चपलेकडे गेला नाही. तोही जागीच उभा राहिला. बऱ्याच वेळानं कुत्र्यानं मान वळवली आणि त्याच्या गुडघ्याशी येऊन टेकला.

"हात पाहा तुमचा," भाभी लांबून ओरडल्या. "घरी जा अन् हळद लावा. बकरी मी पाह्यते."

"पहिले याले घास देऊ द्या," सहदेव म्हणाला.

हरभऱ्याला घाटे धरले त्या सुमारास भाभी पुन्हा बकऱ्या घेऊन सहदेवच्या गल्लीत आल्या. कौशल्याबाई दारात उभी होती. बकऱ्या वळणावरच अडल्या. सहदेव बादलला घेऊन गल्लीच्या दुसऱ्या कडेनं चालू लागला. बादलचे कान ताठ झाले, नाक हललं. दोर क्षणभर ताणला. सहदेव थांबला. बादलनं त्याच्याकडे पाहिलं आणि मागे आला. पुढच्या म्हाताऱ्या बकरीनं पाय आपटून पाहिला, कोणी अंगावर येत नाही अशी खात्री केली आणि चालू लागली. बाकीच्या तिच्या मागोमाग निघाल्या. नाल्यात पडलेली बकरी मात्र भिंतीला अंग घासत, एका डोळ्यानं कुत्र्यावर नजर ठेवत गेली.

"हिले अजून टाईम लागंल," भाभी म्हणाल्या.

"लागू द्या. आमी हाओत रोज."

आता बादल गावात दोराशिवाय फिरत नाही. मांजर दिसलं की अजूनही ओढतो आणि सहदेव अजूनही भर रस्त्यात उभा राहतो. संध्याकाळी कधी कधी दोर कौशल्याबाईच्या हातात असतो. तिच्यासोबत बादल जास्त नीट चालतो, असं ती म्हणते. सहदेव त्यावर वाद घालत नाही.