वरच्या माळावरचे दगड

रस्त्याच्या कडेला दगडांचा ढीग दिसला की मी अजूनही गाडी हळू करतो. मनमाडहून नांदगावकडे जाताना असे ढीग बांधाबांधावर आहेत, शेतकऱ्यांनी नांगरताना वेचून टाकलेले. हे मला कळतं. बायको वैतागते, "आता काय पाहताय," म्हणते. तरी ढिगाच्या शेजारी शेत आहे ना, नांगरट आहे ना, एवढं पाहिल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही.

माझं काम परवानग्यांचं. पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपन्यांना जागेचे कागद, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, महसूल खात्याची मंजुरी मिळवून द्यायची. नाशकात ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि चहावाल्याची उधारी. तलाठ्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत कुठला कागद कुठे अडतो हे मी झोपेतही सांगेन, आणि या गोष्टीची मला चांगलीच घमेंड होती. खोटं कशाला बोलू.

तर एका कंपनीला वारा हवा होता आणि वारा नेमका आमच्याच गावात निघाला. गावाच्या वर एक लांबलचक माळ आहे, सरकारी पडीक, गवत आणि खडक. लहानपणी आम्हाला तिथे जाऊ देत नसत. "वर रडतं," एवढंच सांगायचे. काय रडतं, कोण रडतं, असं विचारलं की पाठीत धपाटा. संध्याकाळी वारा सुटला की खरंच वरून एक बारीक, लांबलेला आवाज यायचा. आम्ही पोरं खाली उभी राहून ऐकायचो आणि मग घराकडे पळत सुटायचो. मोठेपणी मी ती भीती हसण्यावारी नेली. खडकाच्या फटीतून वारा जातो, दुसरं काय. कंपनीच्या इंजिनिअरला गंमत म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, "मग तर साइट उत्तमच आहे, सर."

स्थळपाहणीचा अहवाल मीच लिहिला. त्यात एक रकाना असतो: देवस्थान, स्मशान, दफनभूमी, जुनं बांधकाम. मी लिहिलं, निरंक. माळावर बोरीच्या झाडाभोवती दगडांचे लहान लहान ढीग होते, त्यांचाही शेरा मारला, "शेतातून वेचून टाकलेले दगड." एका ढिगावर बाभळीची फांदी होती. तिचे काटे पँटला अडकायला लागले म्हणून मी ती बुटाने बाजूला सारली आणि तिथे उभा राहून फोटो काढले. मी गावचाच पोरगा, मला कोणाला विचारायची काय गरज?

चक्क्या उभारण्याआधी वर्षभर वारा मोजतात. त्यासाठी माळावर उंच खांब रोवायचा होता आणि खांबाचा ट्रक वर जायला कच्चा रस्ता पाहिजे होता. ठेकेदाराने विचारलं, "साहेब, हे दगड भरावाला घेऊ का?" मी म्हणालो, घे की, पडूनच आहेत. जेसीबीने एका दिवसात काम उरकलं. बोर आडवी येत होती, तीही काढली. गावाला वर जायला रस्ता झाला म्हणून सरपंचबाईंच्या नवऱ्याने मला नारळ दिला.

वर्षाने आकडे आले, कंपनीला पसंत पडले, आणि सात चक्क्यांसाठी ग्रामसभेचा ठराव घ्यायची वेळ आली. नियम असा की ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची. आमच्याकडे ती सभा म्हणजे एक रजिस्टर. ते घरोघर फिरतं. बाई भाकरीचं पीठ पदराला पुसते, सही करते आणि परत चुलीपुढे बसते. वर्षानुवर्षं असंच चाललंय, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. या खेपेला शिपायाऐवजी मीच रजिस्टर काखेत मारून निघालो. पहिली सही आईची घ्यायची होती, कारण बाकीच्या विचारणार, "तुझ्या मायनं केली का?"

आई गावात एकटी राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. प्रौढांच्या वर्गात ती सही करायला शिकली होती आणि सही करायची संधी ती कधी सोडत नसे. तिने पेन घेतलं आणि विचारलं, "माळावर कुठं?"

"रस्ता संपतो तिथं. ते दगडांचे ढीग होते ना, त्या बाजूला."

"व्हते म्हंजे?"

"रस्त्याच्या भरावात गेले. शेतातले वेचलेले दगड, नुसते पडून होते."

"कोनाच्या शेतातले?"

"असतील कोणाच्या तरी."

तिने पेन कागदावरून उचललं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या माळाला नांगर कवा लागला रे? मंग दगड येचले कोनी?"

उत्तर मला अजून कळलं नव्हतं, पण प्रश्न बरोबर आहे एवढं कळलं. मी शेतकऱ्याचा मुलगा. जिथे शेतच नाही तिथे वेचलेले दगड येतील कुठून, हे मला शाळेतल्या पोराएवढंही सुचलं नव्हतं.

"तुझ्या आधीची एक व्हती," आई म्हणाली. "बारावा दिवस नाय उजाडला. नाव ठेवायचं राह्यलं."

आमच्याकडे तान्हं मूल जाळत नाहीत, पुरतात. बापाने हातावर न्यायचं, सोबत एखादा भाऊबंद. वर दगड रचायचे, काटे टाकायचे, म्हणजे कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये. बायकांनी तिथे जायचं नाही, आणि नंतर कोणी त्याचा विषयही काढायचा नाही. मला एक बहीण होती हे मला पन्नाशीत, रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो असताना कळलं.

"तुझे बाबा खाली आले, आंघोळ केली, जेवाया बसले," आई सांगत होती. "मी इचारलं नाय, त्यांनी सांगितलं नाय. दारातून दिसलं तेवढं पाह्यलं. बोरीपाशी वाकले व्हते."

मला राग आला आणि तो मी तिच्यावरच काढला. इतकी वर्षं बोलायला काय झालं होतं, म्हणालो. आधी सांगितलं असतंस तर?

"तू कवा इचारलं व्हतं?" ती म्हणाली. पेनाला टोपण लावून तिने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "मी सही करनार नाय. तिच्या अंगावर काय उभं करू नका. एवढंच कर माझ्यासाठी."

मी ग्रामसेवकाला गाठलं, महिला सभा खरोखरची घ्या म्हटलं. सरपंचबाईंच्या नवऱ्याने मला बाजूला घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊ. सह्या घे न् मोकळा हो." दुसऱ्या गावात मीच हे कोणाला तरी ऐकवलं असतं.

सभा दुपारी शाळेच्या ओट्यावर भरली. बायका डोक्यावर पदर घेऊन फरशीकडे बघत बसल्या होत्या. ग्रामसेवकाने प्रस्ताव वाचला आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारलं. मग आई खांबाला धरून उठली.

"आमची एक हाय तिथं," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मग आमच्या भावकीतली एक चुलती बसल्या जागेवरूनच बोलली, "आमचे दोन." मग आणखी एक. मग आणखी. मला वाटत होतं या सगळ्या जुन्या गोष्टी आहेत, म्हाताऱ्यांच्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "माझा पण. तीन वर्षांपूर्वीचा." ती बारावी शिकलेली तरणी सून होती. मी हिशेब केला. माझी पाहणी त्याच्यानंतरची. म्हणजे मी फोटो काढत फिरत होतो तेव्हा त्यातला एक ढीग ताजाच होता. बाभळीची फांदी मला तिथेच, त्या ओट्यावर आठवली. त्यानंतर कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही.

इंजिनिअर पोरगा भला होता. "सरकवू ना आपण टॉवर, सर," तो म्हणाला. "फक्त जागा नेमकी कुठून कुठपर्यंत, ते दाखवा." तो मोबाईल उघडून तयार उभा राहिला. वडिलांबरोबर त्या दिवशी वर गेलेला भाऊबंद अजून हयात होता. त्याला मोटारसायकलवर बसवून वर आणलं. काठी टेकत तो इकडेतिकडे फिरला, बोर शोधली, मग रस्त्यावर येऊन थांबला.

"ढीग असता तं दाखवला असता," म्हणाला. "आता मी काय सांगू?" तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या सुनेच्या नवऱ्याने अंदाजाने दोन जागा दाखवल्या. दोन्ही रस्त्याच्या पोटात होत्या.

मी अहवाल दुरुस्त केला. निरंक खोडून "लहान मुलांची पुरणजागा" असं लिहिलं आणि शेजारी सही केली. बोरीच्या बाजूला येणारी चक्की पार पलीकडच्या सोंडेवर नेली, मग बायकांनी सह्या दिल्या, ठराव झाला, पुढे परवानगीही आली. कंपनीने नंतर मला काम दिलं नाही. त्यांचंही बरोबरच आहे. आता चक्क्या फिरतात, त्यांचा एक घरघर आवाज येतो, पण त्याच्या खालून तो जुना बारीक आवाज मला अजून ऐकू येतो. आता मी हसत नाही.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, "मला वर ने." साठ वर्षं त्या गावात काढून ती माळावर एकदाही गेली नव्हती. मी तिला गाडीने चढ संपतो तिथपर्यंत नेलं. तिने सोबत दुधाची वाटी घेतली होती, वर ताटली झाकलेली. खाली उतरून तिने चपला काढल्या. पुढे रस्ता होता, दगड दाबून पक्का केलेला, माझ्या शेऱ्यावर बांधलेला. ती त्याच्या कडेला थांबली.

"कुठं पाय ठिवू, सांग," ती म्हणाली.

त्या माळाचा गट नंबर, प्रत्येक चक्कीचे अक्षांश-रेखांश मला तोंडपाठ आहेत. बहिणीची जागा त्यात नव्हती. वारा अंगावर घेत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. दूध कुठे ओतायचं हे तिने मला विचारलंच नाही. थोड्या वेळाने चपला घालून ती गाडीत बसली, आणि ती वाटी आम्ही तशीच झाकून घरी आणली.