होऊ घातलेले डायरेक्टर

मनोहर निगडे तसा चारचौघांसारखाच माणूस होता हो. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत दोन गाड्यांचं घर, कंपनीत सीनिअर मॅनेजर, मराठी मंडळात पहिल्या रांगेतली खुर्ची. फक्त त्याला डायरेक्टर व्हायचं होतं आणि अकरा वर्षं कुणी करत नव्हतं. यंदा वरचा साहेब म्हणे "लेट्स सी" म्हणाला. झालं! अमेरिकन माणसाचं "लेट्स सी" म्हणजे नाहीच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मनोहरने नवा कोट घेतला, आणि मंडळाच्या संक्रांतीला निवेदिकेकडून स्वतःची ओळख "होऊ घातलेले डायरेक्टर" अशी करवून घेतली. लोकांनी टाळ्याही वाजवल्या, मेल्यांनी.

महिना गेला, बढतीचा पत्ता नाही. मग त्याला वैरी दिसू लागले. शेजारच्या पोरांनी केलेला बर्फाचा माणूस त्याने लाथांनी तुडवला, का, तर त्याचा मफलर ऑफिसातल्या राकेशच्या मफलरसारखा होता. मागच्या अंगणात रानटी टर्की पक्षी यायचे. त्यातला एक आपल्याकडे बघून मान हलवतो म्हणून फावडं घालून त्याचा पाय मोडला. लंगडत, ओरडत गेलं बिचारं पाखरू. आणि बाहेर कुणी सापडलं नाही की घरात बायको, शुभा, होतीच.

एकोणीस वर्षं शुभा मार खात होती आणि एकोणीस वर्षं झाकत होती. कपाटाचं दार लागलं, जिन्यावरून घसरले, बॅडमिंटन खेळताना पडले. खोटं बोलण्यात तिचा हात धरणारं आख्ख्या मिनेसोटात कुणी नव्हतं. एक दिवस हा माणूस कुणाचा तरी जीव घेईल, आणि आपण त्यालाही एखादं कपाटाचं दार शोधून देऊ, असं हल्ली मात्र तिला वाटायचं. ते आपल्या हातून होऊ नये, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

तर त्या शनिवारी केदार जेवायला आला होता. केदार पुण्याचा, एकटा, मनोहरच्या हाताखाली. त्याच्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर मनोहरची सही हवी, म्हणून मनोहरच्या प्रत्येक विनोदाला तो टेबल बडवून हसायचा. शुभाला मात्र मनापासून वहिनी म्हणायचा, ताटं उचलू लागायचा.

"मला दृष्ट लागलीय," मनोहर एकदम म्हणाला. "काढ."

शुभाने मीठमोहरी आणि सात मिरच्या घेतल्या. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, असं पुटपुटत ओवाळल्या, तव्यावर टाकल्या. ठसका काही येईना. येईल कसा? वर एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. पण मनोहर पांढराफटक पडला.

"वास नाही! बघितलंस? एवढी मोठी दृष्ट आहे!"

"अहो, फॅन चालू आहे."

तिच्या कानशिलात बसली. केदारने ताटात बघितलं. मनोहरने फॅन बंद केला, गुंटूर मिरचीची अख्खी पिशवी तव्यावर उलटी केली आणि गॅस मोठा केला. मग जो ठसका उठला, देवा रे देवा! तिघं खोकून खोकून वाकले, डोळ्यांना धारा, आणि छताला लावलेले धुराचे सगळे अलार्म एका सुरात किंचाळायला लागले. पाच मिनिटांत फायर ब्रिगेडचा बंब दारात. सहा धिप्पाड गडी कुऱ्हाडी घेऊन आत घुसले आणि तितक्याच वेगाने खोकत बाहेर पळाले. शेवटी एकाने मास्क घालून तवा उचलला आणि मागच्या लाकडी डेकवरच्या बर्फात नेऊन ठेवला.

"सर, हे नक्की काय शिजवत होतात?" त्याने अदबीने विचारलं.

"माझं प्रमोशन," असं काही मनोहर म्हणाला नाही. तो "स्पायसी फूड" म्हणाला. पण केदार मात्र हसला. पहिल्यांदाच खरं, पोटातून, आवरेना इतकं हसला. एक क्षण शुभालाही हसू फुटलं.

मनोहरही हसला. गड्यांना चिवड्याची पाकिटं दिली, बंबाला हात हलवला. दार लावलं. डेकवर जाऊन बर्फातला तवा काढला, आत आला, आणि अजून डोळे पुसत असलेल्या केदारच्या कानावर तो लोखंडी तवा दोन्ही हातांनी हाणला. केदार खुर्चीवरून ताटासकट खाली गेला. "तूच! तूच नजर लावलीस!" दुसरा घाव जबड्यावर बसला, दात फरशीवर उडाला. तिसऱ्याला शुभा मध्ये पडली आणि तो तिच्या खांद्यावर आला.

मग मनोहर खुर्चीत बसला आणि शांतपणे म्हणाला, "बर्फावरून घसरला. चल, गाडी काढ."

इमर्जन्सीत डॉक्टर निघाली आपल्याकडचीच, उपासना, नागपूरची, जेमतेम तिशीची. तिने मनोहरला कॉफी आणायला पिटाळलं, दार ओढून घेतलं आणि मराठीत विचारलं, "काकू, काय झालं खरं?"

शुभाच्या तोंडात बर्फावरून घसरल्याची गोष्ट तयार होती. कुठली पायरी, कुठला पाय, सगळं तयार. तिने केदारचा सुजलेला चेहरा पाहिला आणि ते सगळं गिळलं.

"यांनी तव्याने मारलं. माझ्या नवऱ्याने."

"नाही!" केदार तुटक्या दातांतून ओरडला. "मी घसरलो. वहिनींना बरं नसतं, डॉक्टर. त्या काहीही बोलतात. सगळ्यांना माहीत आहे. वहिनी, प्लीज, माझे पेपर्स आहेत..."

शुभाला त्याचा राग आला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला रडू कोसळलं, कारण तो जे बोलत होता त्यातला शब्द न् शब्द, तो घाबरा सूरसुद्धा, तिचाच होता. एकोणीस वर्षं ती हेच बोलत आली होती.

उपासना हातातला कागद तसाच धरून उभी होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये मनोहर कुणाला तरी फोनवर सांगत होता, सोमवारी प्रमोशन नक्की होणार म्हणून.

शुभाने कोट काढला, मग स्वेटर. खांदा काळानिळा पडला होता आणि दंडावर जुने, पिवळे पडलेले डाग होते, ओळीने.

"त्याचं राहू दे, बाळ," ती म्हणाली. "माझं लिहून घे."