युनूसचाचांनी नेलेला पत्रा

मी युनूस मिस्त्रींना चोर म्हणालो होतो.

त्यांच्या दारात. त्यांच्या बायकोसमोर.

आज औशात त्यांना माती देऊन आलो, म्हणून लिहितोय.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. मीही मेडिकलच्या तयारीच्या पोरांसाठी गच्चीवर हॉल बांधत होतो. छताचं काम युनूसचाचांकडे.

एका कंपनीचा माणूस सँपलचे पत्रे आणि जाडजूड फाईल ठेवून गेला. ग्रीन सर्टिफिकेट, रिसायकल केलेला माल, ऊन परतवणारा पांढरा कोट. मी खूश.

चाचांनी फाईल उघडलीच नाही.

"कागद चांगला हाय, सर. पत्रा कुठं तपासला?"

"लॅबमध्ये."

"लॅबमधी लातूरचं ऊन हाय का?"

दोन दिवसांनी एक सँपल गायब. वॉचमन म्हणाला, मिस्त्रींनी ऑटोत घालून नेलं.

या माणसाला दुसऱ्याच दुकानाचा माल खपवायचाय, असा मला आधीपासून संशय होता. तडक त्यांचं औशातलं घर गाठलं आणि नको ते बोलून बसलो.

चाचांनी वर बोट दाखवलं. पत्रा त्यांच्याच स्वयंपाकघरावर ठोकलेला.

"विचारून न्यायचा ना!"

"विचारलं असतं तर तुमी कंपनीला फोन लावला असता. त्यानं निवडून चांगला धाडला असता. एक उन्हाळा आमी बसतो याच्याखाली. मंग पोरं बसवा."

चाची आतून म्हणाली, "भूकंपात घराचं मातीचं माळवद पडलं, तवा बहिणीला यांनीच उकरून काढलं. वाचली न्हाई ती. तवापासून कुठल्याच छतावर यांचा भरवसा न्हाई."

खरं सांगतो, मला तीही सबब वाटली. पण बॅचला वेळ होता. ऑर्डर थांबवली.

मे महिन्यात चाचांनी बोलावलं. पत्र्यावर हात फिरवला तर तळवा चुन्यात बुडवल्यासारखा पांढरा. वळवाच्या एका सरीनं स्क्रूभोवती गंज. खाली नुसती भट्टी.

घरी येऊन फाईल पहिल्यांदा नीट वाचली. सर्टिफिकेट दुसऱ्याच जाडीच्या, दुसऱ्याच पत्र्याचं होतं.

माफी मागायला गेलो.

"शक करायलाच पाह्यजे, सर. माझ्यावर बी करा. डोस्क्यावर घ्यायची चीज हाय."

मग त्यांनी स्वतः पारखलेला पत्रा टाकला, खाली हवा खेळायला जागा ठेवून. पोरं अजून तिथंच शिकतात.

आज निघताना चाचीनं पदरानं डोळे पुसत विचारलं, "पोरांना गरम होत न्हाई ना, सर?"

नाही होत, चाची.

चाचा, शेवटचा सलाम.