मामाच्या गावातल्या वीस भित्र्या बाया

अनोळखी माणसांशी बोलायची भीती मोजणारी एक परदेशी प्रश्नावली मध्य प्रदेशातल्या आमच्या बाजूच्या मराठीत आणायचं काम सरांनी मला द्यावं, हा शुद्ध विनोद होता. मी ऑटोवाल्याला 'इथंच थांबवा' म्हणू शकत नाही. चार घरं पुढे उतरून मागे चालत येते. पण एम.ए.चा प्रबंध यावरच होता. "तुर्की भाषेत झाली ती, मग बालाघाटात का होणार नाही?" असं सर म्हणाले आणि मी नेहमीसारखी मान डोलावली.

भाषांतर घरबसल्या झालं. मूळ प्रश्नातल्या पार्टीच्या जागी मी लग्नाची पंगत मांडली. विक्रेत्याला नकार देण्याऐवजी पाहुण्याघरचा दुसरा चहा नाकारणं आलं. आता वीस जणींकडून ती प्रश्नावली भरून घ्यायची होती. परक्या दारात उभं राहायची छाती नव्हती, म्हणून लांजीकडच्या मामाच्या गावी गेले. मामीचा आवाज या बांधावरून त्या बांधावर फोनशिवाय पोचतो. तिनं तासाभरात स्वतःसकट वीस बाया अंगणात बसवल्या.

"हे कायच्यासाठी होय वो?" एकीनं विचारलं.

"कोनाले किती भेव वाटते, ते पाहायचं आहे," मी पुटपुटले.

"अन् कोनालेच नसंन वाटत त?"

"मंग माझं काम अडते," मी म्हणून गेले. तिथंच घात झाला.

"भाची आहे आपली!" मामीनं फर्मान काढलं. "सब्बन जनी 'खूप वाटते'वर खूण करा!"

मामाच्या गावात भाची अख्ख्या गावाची. अर्ध्या तासात वीस फॉर्म तयार. सरपंचाला भर सभेत गप्प बसवणारी बाईसुद्धा कागदावर पंगतीत जेवायला घाबरत होती.

हे फॉर्म सरांनी हातातही धरले नसते आणि माझं वर्ष वाया गेलं असतं. पण इतक्या मायेनं दिलेलं परत कसं करायचं? मी नको असलेले दोन चहा प्यायले. तिसरा कप पुढे आला आणि मी ओरडलेच, "चाय नको! अन् हे फॉर्मही नको! मले खरं पाह्यजे!"

मग एक म्हातारी म्हणाली, "त मंग आंधीच सांगाचं न, बाई!" सगळ्या खो खो हसल्या.

मी कोरे फॉर्म वाटले. या वेळी जी ती कोपरा धरून, पदराआड कागद लपवून, परीक्षेला बसल्यासारखी लिहू लागली.

मामीनं तिचा फॉर्म सगळ्यात शेवटी दिला. सगळीकडे 'अजिबात नाही'. एकाच ठिकाणी 'खूप': साहेबाच्या टेबलासमोर बोलताना.

"मामी, आता माझ्यासाठी नका लिहू न."

"तुयासाठी नाही लिवलं." एवढ्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "तेथं तोंडातून शब्दच नाही निंगत. दर खेपेले तुया मामाले संगं न्या लागते."

फॉर्मवर नावाला जागा नव्हती. तरी मी तो गठ्ठ्याच्या मधोमध घातला.