गाडी माझी, शब्द अण्णांचा

गाडी माझी होती आणि शब्द माझ्या वडिलांनी, अण्णांनी दिला होता. आमच्या घरात तेव्हा जे काही धुमसत होतं ते एवढ्यावरूनच.

मंगळवेढ्याला नात्यात बारसं होतं. ते उरकून आम्ही दोघं सोलापूरला परतत होतो, अण्णा चालवत होते. शेतातून उसाची ट्रॉली इकडं-तिकडं न बघता रस्त्यावर आली. अण्णांनी ब्रेक दाबला, तरी ट्रॉलीचा कोपरा बॉनेटमध्ये शिरलाच. रेडिएटर फुटला, पण आम्हाला साधं खरचटलंही नाही. मी रागानं खाली उतरले, तोवर ट्रॅक्टरवाला अण्णांच्या पायाशी पोचला होता.

"सायेब, लायसन न्हाय माज्याकडं. कुटं सांगू नगा. मालक हाकलून देईल की."

त्यानं सीटखालून एक छोटी पिशवी काढली. आत खंडोबाचा भंडारा आणि वाळलेली बेलाची पानं होती. बेलभंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण वाफा सोडणाऱ्या गाडीशेजारी, भर हमरस्त्यावर तो उचलणारे माझे वडीलच. तुझं नाव किंवा ट्रॅक्टरचा नंबर माझ्या तोंडून निघणार नाही, असं ते त्याला म्हणाले. मी त्यांच्या पिवळ्या तळहाताकडं बघत राहिले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मशिन गाडीत टाकून गावोगावी पेशंटच्या घरी जाते, तेच माझं पोट. गाडी गॅरेजमध्ये पडली आणि काम थांबलं. विमा कंपनीत फोन लावला की दर वेळी नवा आवाज यायचा, अतिशय गोड, आणि प्रश्न मात्र तोच: धडक कुठल्या वाहनाशी झाली? ते कळल्याशिवाय फाइल पुढं सरकणार नव्हती. अण्णा नंबर सांगत नव्हते आणि खोटंही बोलत नव्हते. झाडाला धडकली म्हणा आणि मोकळे व्हा, असं गॅरेजवाल्यानं सुचवलं, तेव्हा अण्णांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली गेला. मला तर झाडही चाललं असतं.

तिऱ्ह्याला माझी एक पेशंट होती. अर्धांगवायूनंतर तिची बोटं नुकती कुठं उघडायला लागली होती. तिच्या मुलाचा फोन आला, "मॅडम, बोटं परत आवळाय लागल्यात. कधी येताय?" मी फोन ठेवला आणि सरळ अण्णांपुढं जाऊन उभी राहिले.

"तुमच्या शब्दापायी त्या बाईचा हात जाणार आहे. तो ट्रॅक्टरवाला कोण लागतो तुमचा?"

आई आतून आम्हा दोघांनाही तिच्या माहेरच्या कन्नडमध्ये काहीतरी बोलली आणि त्या दिवशी तिनं कुणालाच चहा दिला नाही.

शेवटी कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला. घामेजलेला, शांत माणूस. त्यानं जाळीत अडकलेलं उसाचं पाचट ओढून काढलं आणि ट्रॅक्टर होता का, असं विचारलं. अण्णांनी हो म्हटलं. नंबर विचारला, तर सांगणार नाही म्हणाले, आणि का ते सगळं नीट समजावून दिलं. सर्व्हेअर हसला नाही. माहिती दडवली असं मला लिहावं लागेल आणि मग क्लेम मिळणार नाही, एवढंच म्हणाला. मग माझ्याकडं वळला.

"मॅडम, तुम्ही गाडीत होता. नंबर पाहिलात?"

पाहिला होता. रागाच्या भरात इतक्यांदा मनात घोळवला होता की झोपेतही सांगितला असता. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "गाडी तिची आहे. बेलभंडारा मी उचललाय, तिनं नाही. ती सांगेल ते लिहा." आणि ते गॅरेजबाहेर चालते झाले. ऐकू येणार नाही इतक्या लांब, रस्त्यापलीकडं जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

इतके दिवस मला हेच हवं होतं. सर्व्हेअर पेन उघडून थांबला होता, आणि मला त्या पाठीवरून नजर काढता येईना.

"पाहिलाय," मी म्हणाले. "पण सांगणार नाही."

त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, पेन मिटलं आणि फोटो काढायला लागला. मला अण्णांचा, त्या ट्रॅक्टरवाल्याचा, स्वतःचा, सगळ्यांचाच भयंकर संताप आला होता. क्लेम गेला, हे कंपनीनं कळवायच्या आधीच मला कळलं होतं. उद्यापासून मशिन खांद्याला अडकवून एसटीनं तिऱ्हं गाठायचं, हे मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं.

घरी जाताना रिक्षात अण्णांनी विचारलं, "सांगितलास?"

"नाही."

"सांगितला असतास तरी मी तुला कधी एका शब्दानं बोललो नसतो."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर नाही सांगता आला."